कुलूपवाल्याच्या बायकोचा आवाज

माझा दादा कुलूपवाला. म्हणजे कुलपं विकतो, चाव्या करून देतो, आणि ज्यांची चावी आत राहिली नि दार ओढलं गेलं, त्यांना दार उघडून देतो. दुकान वडिलांचं. एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहावं. भिंतीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, टेबलावर कानशी, चावी कापायचं यंत्र, आणि सगळीकडे पितळेचा कीस. तो त्याच्या नखांत असतो, खिशात असतो, डब्याच्या झाकणावरही असतो. वहिनी म्हणायची, "ह्यांना रोज झाडून साठवलं असतं ना, तर एव्हाना घरात एक तांब्या झाला असता."

वहिनीचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. भांडण म्हणजे अगदी रोजचं. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, दिवसभर लोकांशी हुज्जत घालून येते, तेव्हा घरी तरी कोणी जिंकू द्यावं की नाही? छे. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी मी म्हणणारे गप्प बसायचे. आवाज जरा जाडसर, खालच्या पट्टीतला, आणि शेवटचा शब्द नेहमी थोडा लांबवलेला. जिन्याच्या खाली ती भाजीवाल्याशी बोलत असली तरी वर मला कळायचं की आज स्वारीचं डोकं फिरलेलं आहे की नाही.

दादा उलटा. विचारलं तेवढंच बोलणार. पण हट्टी असा, की एकदा मनात घेतलं की देव आला तरी ऐकणार नाही. धंद्याचे दोन नियम त्याने वडिलांकडून घेतले आणि त्यांत कधी बदल केला नाही. पहिला, कोणी दाराबाहेर अडकलंय असं कळलं की हातातलं काम टाकून जायचं. मग जेवणाचं ताट समोर असो नाहीतर अंगात ताप असो. दुसरा, कोणाच्याही चावीची नक्कल आपल्याकडे ठेवायची नाही. गिऱ्हाईक मागेल तेवढ्या कापायच्या, त्याच्या हातात द्यायच्या, आणि बिघडलेली असेल ती त्याच्यासमोर मोडायची. "जादा चावी पडून राहिली की कुणाच्या तरी हाती लागते," असं वडील सांगायचे. कितीतरी लोक त्याला म्हणाले, अहो एक तुमच्याकडे राहू द्या, आमच्या ह्यांना सारखी हरवायची सवय आहे. दादा मान हलवायचा. लोकांना त्याचा विश्वास वाटायचा तो ह्याच गोष्टीमुळे. मलाही अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग वहिनीचा घसा बसला. आधी आम्ही हसलो. मी तर म्हटलं, बरं झालं, जरा शांतता मिळेल घराला. पण महिना झाला तरी आवाज सुटेना, गिळताना दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दादाला आत बोलावून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, बोलणं जाईल. मानेला पुढून कायमचं भोक राहील, श्वास तिथून. दादा बाहेर येऊन बाकावर बसला आणि कितीतरी वेळ हातातली पिशवीच नीट करत राहिला.

त्याच दवाखान्यात एक थेरपिस्ट बाई होत्या. बोलणं गेलेल्यांना शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं, अजून वेळ आहे, आवाज थोडा खरखरतोय पण आहे. ऑपरेशनच्या आधी ठरावीक वाक्यं बोलून कम्प्युटरवर रेकॉर्ड करा. पुष्कळ लागतील. ती सगळी आम्हाला आणून द्या, त्यातून कम्प्युटर तुमचा आवाज तयार करतो. मग तुम्ही फोनवर टाइप करायचं आणि फोन तुमच्याच आवाजात बोलणार. अगदी हुबेहूब नाही, पण घरच्यांना ओळखू येईल असा. वहिनीने विचारलं, "भांडता येईल?" बाई म्हणाल्या, "टाइप करायचा वेग असेल तर येईल." वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "मग आजपासून टायपिंग शिकते."

दादाची मुलगी, माझी भाची, नोकरीसाठी लांब राहते. ती चार दिवस रजा काढून आली आणि आतल्या खोलीत सगळी मांडामांड केली. कम्प्युटर होताच, दुकानाच्या ऑर्डरी त्यावर मेलने येत. तिने माइक आणला, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम टाकला, खिडकीला रजया टांगल्या म्हणजे रस्त्याचा आवाज नको. आणि जायच्या आदल्या दिवशी दादाला शेजारी बसवून एक गोष्ट दाखवली. मी तिथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत.

"बाबा, हल्ली फायली पळवणारे व्हायरस असतात," ती म्हणाली. "पळवत नाहीत खरं तर. तुझ्याच घरात, तुझ्याच फायलींना त्यांचं कुलूप घालतात आणि किल्लीचे पैसे मागतात. त्यावर उपाय कम्प्युटरमध्येच दिलेला असतो, विकत काही आणायला नको. फक्त बहुतेक लोक तो चालूच करत नाहीत." तिने सेटिंग उघडली, सुरक्षेचं पान काढलं, तिथलं एक बटण सरकवलं. "आता ह्या फोल्डरवर पहारा बसला. ओळखीच्या प्रोग्रामशिवाय कोणालाही इथल्या फायलींना हात लावता येणार नाही. एखाद्या चांगल्या प्रोग्रामलाही पहारेकरी अडवतो कधीकधी. तेव्हा घाबरायचं नाही. इथे जाऊन त्या एकाच प्रोग्रामला परवानगी द्यायची. पहारा उठवायचा नाही."

"कुलपाचं मला शिकवतेस?" दादा म्हणाला, पण खूश होऊन.

"आणि ह्याची एक नक्कल दुसरीकडे ठेव. नेटवर ठेव, किंवा पेनड्राइव्हवर काढून आत्याकडे दे."

दादाचा चेहरा लगेच बदलला. "नेटवर म्हणजे कोणाच्या घरात?"

"कोणाच्या घरात नाही रे. कंपनीच्या कम्प्युटरवर."

"म्हणजे कोणाच्या तरी घरातच. तुझ्या आईचा आवाज मी परक्याकडे ठेवणार नाही. उद्या त्या आवाजात कोणी काहीही बोलेल. आणि हिच्याकडेही नको." हिच्याकडे म्हणजे माझ्याकडे. "जादा नक्कल पडून राहिली की हाती लागते. काम पुरं झालं की मी स्वतः नेऊन त्या बाईंच्या हातात देईन."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याला काय सांगणार? थेरपिस्ट बाईंनीही नंतर फोनवर सुचवलं होतं, झालं तेवढं आठवड्याला पाठवत जा म्हणून. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

ते दिवस विचित्र होते. घरावर एवढं सावट, आणि तरी मला आठवतात ते हसण्याचेच. दवाखान्याने दिलेली वाक्यं अगदी सपक. "आज हवा चांगली आहे." "मला पाणी हवं आहे." "कृपया दिवा लावा." वहिनी म्हणायची, "कृपया? ह्या घरात जन्मात कोणी कृपया म्हटलंय?" मग ती आपली वाक्यं घालायची. "अहो, तो कीस दारात झटकून या." "नणंदबाई, आल्या आल्या चिडायचं नाही, आधी बसा." "मी सांगितलं होतं." हे शेवटचं तिने पाच-सहा प्रकारे बोलून ठेवलं, म्हणाली, ह्याची सगळ्यांत जास्त गरज पडणार. दादा कानाला हेडफोन लावून समोर बसायचा, बोट वर करायचा, ती बोलायची, बोट खाली. मी आयुष्यात त्याला बायकोकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं.

पण घसा थकत चालला होता. मधे मधे आवाज फुटायचा, ती कोमट पाणी प्यायची, डोळ्यांत पाणी यायचं, पुन्हा बोलायची. एका दुपारी तिने मोठा भाग बोलून काढला, एका दमात म्हणावा असा. दादा फाइल ठेवायला गेला तर कोपऱ्यात सूचना आली, बदल रोखला म्हणून. पहारेकऱ्याने रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामलाच अडवलं. कदाचित तो प्रोग्राम स्वतःहून अपडेट होऊन बसला असेल, काय माहीत. दादाने दोनतीनदा करून पाहिलं, मग काहीतरी चुकीचं दाबलं, आणि ते सगळं बोलणं गेलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिने नुसतं विचारलं, "सगळं?" त्यातही निम्मा आवाज, निम्मी नुसती हवा.

मी दादाला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नाही. कम्प्युटरवर नाही, त्या कुलपावर. "घरच्याच माणसाला आत घेत नाही ते कुलूप काय कामाचं?" म्हणाला. उभा जन्म त्याने हेच केलं होतं ना. कुलूप मालकालाच अडवायला लागलं की त्याच्या दृष्टीने ते बिघडलेलं. ते काढायचं, माणसाला घरात घ्यायचं, कुलपाचं मग बघू. त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यायची, हे मुलीने सांगितलेलं त्याच्या डोक्यात त्या वेळी आलंच नसेल, किंवा आलं असेल आणि शोधत बसायला धीर नसेल. समोर बायको घसा धरून बसलेली. त्याने बटण सरकवून पहारा उठवला. पुढची फाइल बिनबोभाट साठवली गेली. "झालं," म्हणाला. "हे आता सगळं संपल्यावर पुन्हा लावू."

भाची फोनवर विचारायची, पहारा चालू आहे ना? तो म्हणायचा, आहे, आहे.

सगळी वाक्यं झाली. ऑपरेशनही झालं. व्यवस्थित झालं, डॉक्टर समाधानी होते. टाके काढायच्या दिवशी दादा सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन थेरपिस्ट बाईंना देणार होता. पेनड्राइव्ह आणून खिशात ठेवला होता, कोरा. त्याच दिवशी सकाळी भरणार, म्हणजे जादा नक्कल एक दिवसही पडून राहायला नको. मी म्हटलं आजच भर की. म्हणाला, घाई कसली, घरातच आहे सगळं.

आणि मग तो मेल आला. कुठल्याशा ऑफिसची चावी हरवली आहे, माणसं बाहेर खोळंबली आहेत, सगळी कुलपं बदलायची आहेत, दारांचे फोटो जोडले आहेत, लवकर पाहा. दादा दवाखान्यातून घरी आंघोळीला आला होता. रात्रभर खुर्चीत बसलेला माणूस. दुसऱ्या कोणी तो मेल उद्यावर टाकला असता. पण बाहेर माणसं उभी आहेत म्हटल्यावर दादा थांबेल कसा? त्याने फोटो उघडले. काहीच दिसलं नाही. पुन्हा उघडले. मग आंघोळीला गेला.

मी दवाखान्याचा डबा न्यायला घरी आले तेव्हा तो ओल्या डोक्याने कम्प्युटरसमोर उभा होता. पडद्यावर एक निवेदन होतं, पैसे मागणारं, मुदत घालणारं. फोल्डरमध्ये फायली होत्या, सगळ्या होत्या, पण प्रत्येकीच्या नावापुढे कसलीशी शेपटी जोडलेली, आणि एकही उघडत नव्हती. त्याने एक एक करून बघायला सुरुवात केली. खालपर्यंत. मग परत वरून. मी म्हटलं, "दादा, पुरे." तो म्हणाला, "एखादी राहिली असेल." एकही राहिली नव्हती.

भाची धावत आली. दुरुस्तीवाला आला, दिवसभर बसला, चहाला नको म्हणाला. जाताना दाराशी मला म्हणाला, "ताई, तो पहारा चालू असता तर ह्या फोल्डरला बहुतेक हात लागला नसता. आणि नक्कल असती तर प्रश्नच नव्हता." मी त्याला हळू बोलायला सांगितलं, पण दादाने ऐकलं होतं. पोलिसांत कळवलं. पैसे भरू नका, भरून किल्ली मिळेलच असं नाही, असं सगळ्यांनी बजावलं. दादाने कोणाचं ऐकलं नाही. त्या निवेदनातल्या पत्त्यावर त्याने लिहिलं, माझ्या बायकोचा आवाज आहे त्यात, तुम्ही म्हणाल तसं करतो. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. तो पत्ताच बंद पडला होता म्हणे. बाहेर अडकलेल्या माणसाला आयुष्यात एकदाही ताटकळत न ठेवणारा माझा भाऊ, त्याला एका अक्षराचं उत्तर आलं नाही. त्या लोकांचे हात झडोत, एवढंच मी म्हणेन, मग कोणाला बरं वाटो वा वाईट.

फोनवर शोधलं. तिचे आवाजी निरोप तीन-चार निघाले, "येताना दूध", "कुठे आहात", असले. ती कधी निरोप ठेवायचीच नाही, थेट फोन करून झापायची. थेरपिस्ट बाईंनी ते ऐकले आणि म्हणाल्या, एवढ्यात काही होणार नाही. आणि पुन्हा बोलून घेणं तर आता शक्यच नव्हतं.

वहिनी घरी आली. तिला कोणी सांगायचं, ह्यावर आम्ही मूग गिळून. ती फोनवर टाइप करून दाखवायची, "आवाज कधी?" दादा म्हणायचा, "चाललंय काम." असं किती दिवस चालणार? एक दिवस तिने तेच पुन्हा लिहिलं, माझ्यासमोर धरलं, आणि मी नजर चुकवली. इतक्या वर्षांत ती मला पुरती ओळखते. फोन घेऊन दादाकडे गेली, त्याच्या नाकासमोर धरून उभी राहिली.

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं. पहारा मीच उठवला, नक्कल मीच ठेवू दिली नाही, मेल मीच उघडला. खाली बघत सांगितलं.

वहिनी ओरडली त्याच्यावर. मी पाहिलं म्हणून सांगते, ती ओरडलीच. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, ओठ सगळे शब्द करत होते, मला त्यांतले निम्मे कळलेही. आवाज मात्र कसलाच नाही. नुसती मानेच्या भोकातून हवा, सूं सूं. तिला ते ऐकू आलं आणि ती मधेच थांबली. मग पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी आयुष्यात तिच्याशी कितीदा भांडले, त्या दिवशी मला वाटलं, बाई गं, मला काहीतरी लागट बोल, मी उत्तरही देणार नाही.

दादाने नंतर सगळं शिकून घेतलं, हेही सांगायला हवं. पहारा कसा लावायचा, एकाच प्रोग्रामला कसं आत घ्यायचं, नक्कल काढून तार सोडवून वेगळी कशी ठेवायची. दुकानात कोणी चावी करायला आलं आणि सहज कम्प्युटरचा विषय निघाला की तो कानस ठेवून समजावत बसतो. लोक हो हो करतात, चावी घेऊन जातात. आमच्या घरच्या कम्प्युटरवर आता पहारा आहे. आत राखायला काही नाही.

थेरपिस्ट बाईंनी वहिनीच्या फोनवर तयार आवाज टाकून दिला. कुठल्या तरी बाईचा, स्वच्छ, गोड, बातम्या वाचल्यासारखा. वहिनीने आधी नको म्हटलं, मग वापरायला लागली. दुकानदाराशी, दवाखान्यात, भाचीशी फोनवर. त्या आवाजात मला "नणंदबाई" म्हटलेलं ऐकलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. भांडणसुद्धा करता येईना. त्या गोड बाईशी काय भांडणार?

मागच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दादा बाहेरच्या खोलीत एक जुनं कुलूप खोलून बसला होता. मी समोर. दार उघडंच होतं, कधी कधी गिऱ्हाइकं घरीही येतात. वहिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली, फोनवर काहीतरी टाइप केलं, आणि तो आवाज म्हणाला, "अहो, जरा आत येता का?"

दादाने मान वर केली नाही. कुलपातली पिन चिमट्यात धरलेली होती. म्हणाला, "दुकान बंद झालंय बाई. उद्या सकाळी या."

वहिनी तशीच उभी. मग दादाला काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने वर बघितलं, आधी बाहेरच्या दाराकडे, मग आतल्या. पिन खाली पडली. "आलो," तो म्हणाला, "आलो, आलो." पण ती तोवर आत गेली होती.

त्यानंतर तिने तो आवाज घरात लावलेला नाही. दादाला बोलवायचं असलं की ती येऊन त्याच्यासमोर उभी राहते, आणि तो वर बघेपर्यंत थांबते.